भरलेली स्टेडियम, तुटीचे ताळेबंद
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे अर्थकारण

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या राजधानीत, कोलंबस येथे, ओहायो स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल स्टेडियम आहे. एक लाखाहून अधिक प्रेक्षक सामावून घेणारे हे स्टेडियम सामन्याच्या दिवशी फुलून जाते. या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे २०२३-२४ या आर्थिक वर्षातील उत्पन्न सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर होते. भारतातील कोणत्याही विद्यापीठाने केवळ खेळांतून एवढे उत्पन्न मिळविण्याची कल्पनाही करता येणार नाही. तरीही त्या वर्षाचा हिशेब पूर्ण झाला तेव्हा या विभागास सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरची तूट आलेली दिसली. तुटीमागील एक प्रमुख कारण अगदी साधे होते. २०२२ च्या हंगामात संघाचे आठ सामने घरच्या मैदानावर झाले होते, तर २०२३ मध्ये सहाच झाले.

एवढ्या संपन्न विभागाचा ताळेबंद दोन सामने कमी झाल्याने डळमळतो, ही बाब बँकिंग क्षेत्राशी संबंध असलेल्या कोणासही विचारात पाडणारी आहे. उत्पन्नाचा आकार मोठा असला म्हणजे संस्था आर्थिकदृष्ट्या सुदृढ असतेच असे नाही, हा धडा कर्जदाराच्या मूल्यमापनात प्रथम शिकविला जातो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हे त्या धड्याचे एक ठळक उदाहरण होय.

खेळ आणि त्याची संस्था

भारतात फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो, त्याहून अमेरिकन फुटबॉल भिन्न आहे. रग्बीशी नाते सांगणाऱ्या या खेळात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे न्यावयाचा असतो. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांमध्ये झालेला सामना हा या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आज एनएफएल या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक लीग १९२० मध्ये स्थापन झाली. म्हणजेच व्यावसायिक खेळ सुस्थिर होण्यापूर्वीच महाविद्यालयीन खेळाने जनमानसात स्थान मिळविले होते. ज्या गावांत व्यावसायिक संघ नाहीत, तेथे विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ ठरला.

मैदानावरील मृत्यू आणि गंभीर दुखापती यांमुळे १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या प्रश्नात लक्ष घातले. त्यानंतरच्या हालचालींतून १९०६ मध्ये एक नियामक संघटना उभी राहिली आणि १९१० पासून ती एनसीएए या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळाडू हा प्रथम विद्यार्थी असून त्याने खेळाचा मोबदला घेऊ नये, हे हौशीपणाचे तत्त्व या संघटनेने दीर्घकाळ जपले. या खेळातील व्यापारी वृत्तीवर टीका करणारा कार्नेगी प्रतिष्ठानचा अहवाल १९२९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तेव्हा पैशाचा प्रश्न नवा नाही. बदलले आहे ते त्याचे परिमाण.

आजमितीस या खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठे आहेत. ती ‘कॉन्फरन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटांमध्ये विभागलेली असून बिग टेन आणि साउथईस्टर्न हे त्यांपैकी सर्वांत धनाढ्य गट आहेत.

उत्पन्नाचे प्रवाह

क्रीडा विभागाचे उत्पन्न मुख्यत्वे चार मार्गांनी येते. पहिला मार्ग तिकीट-विक्रीचा. ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ इतकी आहे. एवढ्या आसनांच्या मैदानावर एक सामना वाढला वा घटला तरी जमाखर्चावर किती परिणाम होत असेल, याची कल्पना करता येते.

दुसरा मार्ग देणग्यांचा. अनेक ठिकाणी चांगले आसन मिळविण्यासाठी तिकिटाच्या किमतीखेरीज विद्यापीठास ‘देणगी’ द्यावी लागते. या देणगीपैकी ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा पूर्वी होती. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने ती रद्द केली. तोवर या खेळास अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतून अप्रत्यक्ष साहाय्य मिळत होते, असेच म्हणावे लागेल.

तिसरा आणि आज सर्वांत प्रभावी मार्ग दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा आहे. कोणत्या संघाचे किती सामने दाखवावयाचे, हे पूर्वी एनसीएए ठरवीत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी या मक्तेदारीस आव्हान दिले आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळचे नामवंत महाविद्यालयीन फुटबॉलपटू होते, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. या निकालानंतर प्रक्षेपण हक्कांची मुक्त बाजारपेठ निर्माण झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेन गटाने तीन वाहिन्यांशी सात वर्षांसाठी केलेल्या करारांचे मूल्य ७०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले गेले. वर्षअखेरच्या अजिंक्यपद स्पर्धेचे हक्क २०२४ मध्ये झालेल्या करारान्वये २०३१-३२ पर्यंत ईएसपीएन वाहिनीकडे गेले आणि त्याचे मूल्य सहा वर्षांसाठी सुमारे ७८० कोटी डॉलर असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

चौथा मार्ग प्रेक्षकांच्या दृष्टीआड राहतो. तो म्हणजे खुद्द विद्यापीठाकडून मिळणारे साहाय्य. हे साहाय्य कधी सर्वसाधारण निधीतून दिले जाते, तर कधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून. सामना न पाहणारा विद्यार्थीही ते भरतो आणि त्यासाठी अनेकदा शैक्षणिक कर्ज काढतो. व्हर्जिनिया राज्याने तर २०१५ मध्ये कायदा करून क्रीडा विभागाच्या खर्चात अशा शुल्काचा वाटा किती असावा यावर श्रेणीनिहाय मर्यादा घातली. कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

खर्च कोठे होतो?

एवढे उत्पन्न असूनही शिल्लक का राहत नाही? एनसीएएच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार पाच प्रमुख गटांतील ६५ विद्यापीठांपैकी केवळ २५ विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचे स्वतः मिळविलेले उत्पन्न खर्चाहून अधिक होते. उर्वरित विभाग विद्यापीठाच्या आधारावर चालत होते. सर्वाधिक उत्पन्नाच्या वर्तुळातील ही स्थिती असेल, तर लहान विद्यापीठांविषयी वेगळे सांगावयास नको.

याचे तात्त्विक उत्तर अर्थशास्त्रज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९८० मध्ये उच्च शिक्षणाच्या संदर्भात मांडले होते. विद्यापीठे शक्य तितका पैसा उभा करतात आणि जितका उभा होतो तितका सारा खर्च करतात, असा त्यांच्या सिद्धांताचा आशय आहे. येथे नफा वाटून घेणारा भागधारक नसतो. त्यामुळे उत्पन्न वाढले की खर्चही त्याच्या मागोमाग वाढतो. फुटबॉलमध्ये या प्रवृत्तीस स्पर्धेची धार येते. प्रत्येक सामन्यात एक संघ जिंकतो आणि एक हरतो. सर्वांनी मिळून खर्च दुप्पट केला तरी विजयांची एकूण संख्या एकानेही वाढत नाही. मात्र एकट्याने खर्च कमी केला तर तो मागे पडतो, आणि म्हणून कोणीही थांबावयास तयार नसतो.

या चढाओढीचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे प्रशिक्षकांचे करार. अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारी सरकारी सेवेतील व्यक्ती ही राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना मुदतीपूर्वी पदमुक्त केले, तेव्हा करारानुसार त्यांना देय असलेली रक्कम सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ब्रायन केली यांना पदमुक्त केले, तेव्हाही त्यांच्या कराराची उरलेली देय रक्कम पाच कोटी डॉलरहून अधिक होती. एका हंगामातील उत्साहात दहा वर्षांची हमी द्यावयाची आणि पुढील निराशेत तीच हमी मोडण्याची किंमत चुकवावयाची, असा हा व्यवहार आहे.

एका उदाहरणाने हिशेब

हा प्रश्न समजण्यासाठी एक काल्पनिक विभाग घेऊ. त्याचे वार्षिक उत्पन्न १०० रुपये आहे असे मानू. त्यांपैकी प्रक्षेपणाचे ४०, घरच्या मैदानावरील सहा सामन्यांचे प्रत्येकी ५ याप्रमाणे ३०, देणग्यांचे २० आणि इतर १० रुपये आहेत. खर्च ९८ रुपये. म्हणजे वरकरणी २ रुपयांचा वाढावा आहे.

आता खर्चाची रचना पाहू. ९८ पैकी ८० रुपये आधीच वचनबद्ध आहेत: प्रशिक्षकांचे करार, स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते, शिष्यवृत्त्या, देखभाल. उरलेले १८ रुपये तेवढे कमी-अधिक करता येतात. पुढील वर्षी घरचा एक सामना कमी झाला आणि संघ हरल्याने देणग्या ४ रुपयांनी घटल्या, असे समजू. उत्पन्न ९१ रुपये झाले आणि तूट ७ रुपयांची आली. उत्पन्नातील घट ९ टक्केच आहे. परंतु ही तूट भरून काढावयाची तर १८ रुपयांच्या लवचीक खर्चातील जवळजवळ ३९ टक्के कपात करावी लागते. अशा वेळी खेळाडूंना द्यावयाचा १० रुपयांचा नवा खर्च आला, तर तूट १७ रुपयांवर जाते आणि लवचीक खर्च जवळपास संपूर्णच नाहीसा करावा लागतो.

या १८ रुपयांत काय असते? प्रामुख्याने इतर खेळ: जलतरण, जिम्नॅस्टिक्स, नौकानयन, टेनिस, ॲथलेटिक्स. यांतील बहुतेक खेळ स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत. फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल त्यांचा भार वाहतात. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे मुलींना खेळात समान संधी देणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे आणि महिला खेळांचा विस्तारही पुष्कळसा याच पैशावर झाला आहे. भारताचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर हा कॅन्सस स्टेट विद्यापीठात क्रीडा शिष्यवृत्तीवर शिकला, एनसीएए विजेता झाला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. तेव्हा फुटबॉलच्या ताळेबंदाशी दूरदेशीच्या खेळाडूंचेही हित निगडित असते.

कपातीचा फटका कोणास बसतो हे अनेकदा दिसून आले आहे. मेरिलँड विद्यापीठाने तुटीपोटी २०१२ मध्ये सात खेळांचे संघ बंद केले. त्याच वर्षी त्याने अधिक उत्पन्नाच्या बिग टेन गटात जाण्याचा निर्णय घेतला आणि जुना गट सोडण्याची किंमत म्हणून त्यास अखेर ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. संपन्न अशा स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. माजी खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला.

मुदतींची विसंगती : बर्कलेचा अनुभव

अल्प मुदतीच्या ठेवींवर दीर्घ मुदतीची कर्जे देण्यातील जोखीम बँक कर्मचाऱ्यांच्या परिचयाची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्टेडियमची कथा याच जोखमीची आहे. १९२३ मध्ये बांधलेले हे स्टेडियम भूकंपप्रवण हेवर्ड प्रस्तरभंगावर उभे असल्याने त्याचे मजबुतीकरण आवश्यक होते. सुमारे ३२ कोटी १० लाख डॉलर खर्चून नूतनीकरण झालेले स्टेडियम २०१२ मध्ये खुले झाले. लगतच्या प्रशिक्षण केंद्रासह या प्रकल्पावरील कर्ज ४० कोटी डॉलरहून अधिक होते आणि त्यातील काही कर्जरोख्यांची अंतिम मुदत थेट इ. स. २११२ पर्यंत जाते.

परतफेडीची योजना कागदावर आकर्षक होती. उत्तम आसनांवरील हक्क अनेक दशकांसाठी मोठ्या रकमेस विकावयाचे आणि त्या निधीतून कर्ज फेडावयाचे, असे ठरले होते. परंतु २००८ च्या आर्थिक मंदीची छाया पडली, संघाची कामगिरी घसरली आणि हक्कांची विक्री अपेक्षेहून पुष्कळ कमी झाली. हप्ते मात्र ठरल्या दिवशी येतच राहिले. अखेरीस २०१८ मध्ये या कर्जाचा मोठा भाग क्रीडा विभागाच्या माथ्यावरून काढून विद्यापीठाने स्वतःकडे घेतला.

येथे मूळ हेतू चुकीचा नव्हता. प्रेक्षकांची सुरक्षितता महत्त्वाचीच होती. चूक होती ती परतफेडीच्या गृहीतकात. चाहत्याचा उत्साह हे तारण मानले गेले होते. उत्साह दर हंगामास बदलतो, कर्जरोख्यांची मुदत बदलत नाही.

खेळाडूंचा वाटा

दीर्घकाळ या साऱ्या व्यवस्थेत एक खर्च कृत्रिमरीत्या शून्याजवळ ठेवलेला होता, तो म्हणजे खेळाडूंचा मोबदला. शिष्यवृत्तीपलीकडे त्यांना काही मिळत नसे. प्रशिक्षकास कोट्यवधी मिळत असताना ज्यांच्या खेळासाठी प्रेक्षक येतात त्यांनी हौशी राहावे, हे तत्त्व न्यायालयात फार काळ टिकणारे नव्हते. माजी बास्केटबॉलपटू एड ओ’बॅनन यांनी २००९ मध्ये दाखल केलेल्या दाव्याने या प्रश्नास वाचा फुटली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा वापरू देण्याबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची मुभा मिळाली.

यापुढील पाऊल अधिक मोठे होते. ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीस ६ जून २०२५ रोजी न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली. त्यानुसार पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे असून, १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती आणि ती पुढे वाढत जाणार आहे. मर्यादा कमाल असली तरी स्पर्धेत मागे पडण्याच्या भीतीने मोठ्या विद्यापीठांसाठी तीच किमान ठरते. टेनेसी विद्यापीठाने तर २०२५ च्या हंगामापासून फुटबॉलच्या तिकिटांवर दहा टक्के ‘गुणवत्ता शुल्क’ लावण्याचे आधीच जाहीर केले होते.

न्यायाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच म्हणावा लागेल. मात्र आर्थिक दृष्टीने त्यातून एक सत्य उघडे पडले. अनेक विभागांचा पूर्वीचा समतोल हा कामगारास वेतन न देण्यावर उभा होता. वेतन द्यावे लागताच तो ढळला.

मोठे, लहान आणि मागे राहिलेले

प्रक्षेपणाच्या पैशाने गटांचे भूगोलही बदलले. ३० जून २०२२ रोजी दक्षिण कॅलिफोर्निया आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील जुना पॅक-१२ गट सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. पुढील वर्षी इतरही बाहेर पडले आणि २०२४ च्या हंगामात बारांपैकी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे त्यात उरली. बर्कले आणि स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेली, तीही पहिली सात वर्षे पूर्ण वाट्याच्या सुमारे ३० टक्क्यांवर. यूसीएलए आणि बर्कले या एकाच विद्यापीठ-समूहाच्या शाखा असल्याने नियामक मंडळाने २०२४ मध्ये यूसीएलएने बर्कलेस वर्षास १ कोटी डॉलर द्यावेत असे ठरविले. एका शाखेच्या लाभाची किंमत दुसरीने मोजली होती, याची ती कबुलीच होती.

लहान विद्यापीठांचा मार्ग वेगळा असतो. बलाढ्य संघाच्या मैदानावर जाऊन बहुधा पराभव पत्करावयाचा आणि त्याबद्दल दहा लाख डॉलरच्या घरात किंवा त्याहून अधिक मोबदला घ्यावयाचा, हा त्यांच्या अंदाजपत्रकाचा नियमित भाग बनला आहे.

बाहेर पडावे म्हटले तर तेही सोपे नाही. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने डिसेंबर २०१४ मध्ये वाढत्या खर्चामुळे फुटबॉल बंद केला. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि शहरातील उद्योजक यांच्या दबावामुळे व त्यांनी उभारलेल्या निधीमुळे जून २०१५ मध्ये निर्णय फिरला आणि २०१७ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला. याउलट उदाहरण शिकागो विद्यापीठाचे. १९३५ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडूस दिला जाणारा, पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्ध झालेला पुरस्कार प्रथमच दिला गेला आणि तो याच विद्यापीठाच्या जे बरवँगर यांनी मिळविला होता. तरीही चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, रॉबर्ट हचिन्स यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाने मोठ्या स्पर्धेतून माघार घेतली. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच ओस मैदानाच्या प्रेक्षागाराखाली जगातील पहिली नियंत्रित अणुविखंडन साखळी प्रक्रिया घडवून आणण्यात आली. फुटबॉल गेल्याने विद्यापीठाचा लौकिक गेला नाही.

लाभाची बाजू

न्याय्य मूल्यमापनासाठी दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. फुटबॉलमुळे विद्यापीठाचे नाव घरोघरी पोहोचते. १९८४ मध्ये बोस्टन कॉलेजच्या डग फ्लूटी याने अखेरच्या क्षणी फेकलेल्या चेंडूने मायामीविरुद्धचा सामना जिंकून दिला. त्यानंतर त्या संस्थेकडे प्रवेश-अर्ज वाढले आणि अशा वाढीस ‘फ्लूटी परिणाम’ हे नावच पडले. अलाबामा विद्यापीठात २००७ ते २०२३ या निक सबान यांच्या यशस्वी कारकिर्दीत अधिक शुल्क भरणाऱ्या परराज्यांतील विद्यार्थ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. हे लाभ क्रीडा विभागाच्या वहीत दिसत नाहीत. शिवाय शिष्यवृत्तीचा खर्च दाखविला जातो तेव्हा तो अनेकदा विद्यापीठाच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. तेव्हा हिशेबातील प्रत्येक तूट हे प्रत्यक्ष नुकसानच असते, असे मानणे घाईचे ठरेल.

परंतु हे लाभ विजयाशी बांधलेले आहेत आणि सर्वांनी एकाच वेळी जिंकणे अशक्य आहे. एका अलाबामाच्या यशाकडे पाहून ज्या अनेक विद्यापीठांनी तोच मार्ग धरला, त्यांच्या विद्यार्थ्यांना शुल्काचा भार मिळाला, लौकिक मिळालाच असे नाही.

नवे भांडवल, नवे प्रश्न

वाढत्या खर्चासाठी आता खासगी गुंतवणूकदारांकडे दृष्टी वळली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये युटा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ओट्रो कॅपिटल या गुंतवणूक संस्थेच्या भागीदारीने क्रीडा विभागाच्या व्यावसायिक बाजूसाठी स्वतंत्र कंपनी उभारण्यास संमती दिली. तिकिटे, प्रायोजकत्व अशा कामांत व्यावसायिक कौशल्य येणे इष्टच आहे. मात्र गुंतवणूकदार भांडवल देतो ते परताव्याच्या अपेक्षेने. आज रोख रक्कम मिळते, ती भविष्यातील उत्पन्नाच्या वाट्याच्या बदल्यात. खर्चाची प्रवृत्ती तीच राहिली, तर नवे भांडवलही प्रशिक्षकांच्या करारांत आणि खेळाडूंच्या बोलीत विरून जाईल आणि उद्याच्या उत्पन्नावरील हक्क तेवढा कायमचा गेलेला असेल.

शाश्वततेची कसोटी

अशा विभागाची आर्थिक शाश्वतता तपासावयाची झाल्यास पाच प्रश्न पुरेसे आहेत. विद्यापीठाचे साहाय्य व विद्यार्थ्यांचे शुल्क वगळून उत्पन्न किती? खर्चातील किती भाग आधीच वचनबद्ध आहे? कर्जाची मुदत आणि ज्या करारातून ते फेडावयाचे त्याची मुदत यांचा मेळ बसतो काय? दोन वाईट हंगाम सोसण्याइतकी गंगाजळी आहे काय? आणि तूट आलीच, तर ती कोण भरणार?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मोठ्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ बहुधा बंद पडत नाही, कारण तूट सोसणारा कोणीतरी असतोच. कधी तो विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी असतो, कधी बंद पडलेल्या जलतरण संघातील मुलगी, तर कधी शुल्क भरणारा विद्यार्थी. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाणाऱ्या मराठी मुला-मुलींची संख्या आज लक्षणीय आहे आणि त्यांपैकी अनेक जण बँकेच्या कर्जावर जातात. विद्यापीठाची निवड करताना शिक्षणशुल्काबरोबर इतर अनिवार्य शुल्कांचा तक्ताही त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी बारकाईने पाहावा. त्यात क्रीडा शुल्काची ओळ आढळली, तर ती रक्कमही कर्जाच्या मागणीत आणि पुढील हप्त्यांत मोजली जाणार आहे, हे ध्यानी घ्यावे.

खेळ लोकांस एकत्र आणतो, तरुणांना शिस्त लावतो, गावाला अभिमान देतो. या गोष्टींचे मोल पैशात करता येत नाही हे खरे. परंतु ज्या गोष्टींसाठी पैसा खर्च होतो, त्यांचा हिशेब पैशातच मांडावा लागतो. चांगल्या वर्षातील उत्पन्नावर कायमचा खर्च बांधू नये, आणि दुसऱ्याच्या खिशावर स्वतःची जोखीम टाकू नये, हे दोन नियम घरखर्चाला जितके लागू आहेत तितकेच एक लाख आसनांच्या स्टेडियमलाही लागू आहेत.